कोर्ट उठेपर्यंत

इंदापूरच्या वाचनालयात मी एकदा असं काही बोललो होतो की टाळ्या थांबेनात. गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी पंचविशीत होतो, बारामतीच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो, आणि मला स्वतःचा आवाज फार आवडायचा. वर्गात चाळीस पोरं ऐकायची, पण ती ऐकणारच, त्यांना दुसरा इलाज नव्हता. इंदापूरच्या वादसभेत मात्र मोठी माणसं यायची. उसाचे बागाईतदार, निरवांगीकडचे पागोटेवाले म्हातारे, पळसदेवहून भीमेच्या काठावरचे शेतकरी, दोन-चार वकील, दुकानदार. सतरंजीवर मांडी घालून बसायचे आणि आवडलं नाही तर सरळ उठून जायचे. त्यांनी टाळ्या वाजवल्या की मला बाराही महिने पुरायच्या.

त्या वर्षी विषय होता दारूबंदीचा. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा येऊन काही वर्षं झाली होती. दारू गाळणं, विकणं, पिणं, जवळ ठेवणं, सगळाच गुन्हा. वादाचा ठराव असा होता की दारूबंदी मोडणाऱ्याला तुरुंग हीच योग्य शिक्षा आहे. मी ठरावाच्या बाजूने होतो आणि नुसता बोलण्यापुरता नव्हतो. माझा धाकटा चुलता दारूने गेला. त्याचं शेवटचं वर्ष मी घरात राहून पाहिलं होतं, काकूच्या हातातल्या बांगड्या एकेक करून कमी होताना पाहिल्या होत्या. त्यामुळे माझ्या बोलण्यात राग होता तो खरा होता. त्यावर चढवलेली शब्दांची झालर तेवढी माझ्या हौसेची होती.

विरुद्ध बाजूला इंदापूरचे एक म्हातारे वकील होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. काळा कोट विटून तपकिरी झालेला, आवाज इतका बारीक की मागच्या माणसाने पुढे सरकून ऐकावं. ते म्हणाले, "तुरुंगात जाणारी माणसं मी पाहिलीत आणि सुटून येणारीही पाहिलीत. जाताना माणूस घाबरलेला असतो. येताना घाबरत नाही. ही सुधारणा म्हणायची का, तेवढं मास्तरांनी सांगावं." मग म्हणाले, "ज्याच्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर काढलेलं परमिट आहे, तो घरात पेला भरतो आणि कायदा त्याला औषध म्हणतो. मडक्यातली पिणारा सापडला की गुन्हेगार. मी दारूची बाजू घेत नाही. मी एवढंच म्हणतो, शिक्षा मागणाऱ्याने एक दिवस आरोपीच्या शेजारी बसून पाहावं."

पळसदेवचा एक शेतकरी मधेच उभा राहिला. सांगितलं, भावाने दारूपायी बायकोला मारलं, पोलिसांनी त्याला आत घातला, ते बरंच झालं. "पर आता त्याची बायको एकली पडलीया. मोट तीच हाकती, पोरं तीच सांभाळती. मास्तर, शिक्षा नक्की कुणाला झाली म्हनायची?"

सभा माझ्याकडे पाहू लागली. खरं तर मला उत्तर येत नव्हतं. पण उत्तर न येणं आणि गप्प बसणं या दोन गोष्टींचा माझ्या बाबतीत कधी संबंध आला नाही. मी म्हणालो, "एकावर दया केली की कायद्याला भोक पडतं, आणि त्या भोकातून गाव वाहून जातं. आणि मी तर पुढे जाऊन म्हणतो, डोळ्यांदेखत गुन्हा होत असताना साक्षीला जो पुढे येत नाही, तो अर्धा गुन्हेगार आहे." टाळ्या पडल्या त्या इथे. तो शेतकरी खाली बसला. तात्या माझ्याकडे पाहून हसले, आणि ठराव मोठ्या बहुमताने पास झाला.

आषाढात एके दिवशी शाळेच्या फाटकात फौजदार उभे. सोबत चौकीसमोरचा चहावाला. हा चहावाला दारूच्या प्रत्येक केसमध्ये पंच असायचा. पोलीस कुठे काही पकडतात तेव्हा दोन त्रयस्थ माणसांनी ते डोळ्यांनी पाहायचं आणि पंचनाम्यावर सही करायची, असा नियम. बारामतीत हे दोन त्रयस्थ म्हणजे बहुतेक वेळा हा चहावाला आणि त्याचा मेव्हणा. मेव्हणा त्या दिवशी गावी गेला होता.

"मास्तर, इंदापूरला भाषण ठोकलंत म्हणं," फौजदार म्हणाले. "साक्षीला येत न्हाय त्यो अर्धा गुन्हेगार. लई आवडलं आपल्याला. चला आता, जळोचीला जायचंय."

मी सायकल काढली.

जळोचीच्या शिवारात आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. कालव्याच्या चारीला लागून भाजीपाल्याचा एक तुकडा, कडेला छपराचं घर, घरामागे उकिरडा. उकिरडा उकरलेला होता. खड्ड्याच्या काठावर शेण लागलेलं मडकं, शेजारी लाखेचं सील लावलेली बाटली. दोन शिपाई हात धूत होते. आणि छपराच्या सावलीत एक बाई उभी होती. तिला पाहून माझा चेहराच पडला. मंडईत मी जिच्याकडून मेथी आणि वांगी घ्यायचो ती मावशी. पन्नाशीची असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. ही वांग्यांची, गवारीची शेती ती एकटी करायची.

पंचनामा लिहून तयार होता. फौजदारांनी वाचून दाखवला. आम्ही पंच हजर असताना, आमच्या समक्ष, आरोपीच्या ताब्यातल्या उकिरड्यातून मडकं काढलं, आम्ही वास घेतला, तो दारूचा होता. चहावाल्याने ऐकूनही न घेता सही केली आणि दौत माझ्याकडे सरकवली. मी मडकं काढताना पाहिलं नव्हतं. वासही घेतला नव्हता. त्या वेळी म्हणायला हवं होतं की साहेब, मी आत्ता आलो. साधं वाक्य होतं, शाळेतल्या पोरालाही जमलं असतं. पण अर्धा गुन्हेगारवाले मास्तर सहीला कचरले असं फौजदार गावभर सांगतील, याची मला लाज वाटली. मी सही केली. वळणदार केली, नेहमी करतो तशी.

मावशी ते सगळं बघत होती. मी केव्हा आलो हे तिथे तिच्याइतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं. मी सायकलकडे वळलो तेव्हा ती तांब्या घेऊन पुढे आली.

"मास्तर, उन्हाचं आलायसा. पानी घ्या."

मी ते पाणी प्यालो. त्या पाण्याची चव मी अजून विसरलेलो नाही, आणि ती चांगली म्हणून लक्षात राहिली असं नाही.

मावशीला जामिनावर सोडलं. खटला उभा राहायला फाल्गुन उजाडला. मधल्या काळात मी मंडईत दुसऱ्या रांगेने जाऊ लागलो. संक्रांतीपर्यंत जमलं. मग एके दिवशी तिनेच हाक मारली, "मास्तर, हिकडची वाट मोडली का काय?" आणि मेथीची जुडी पिशवीत टाकली. मी खाली बघत विचारलं, केसचं काय. ती म्हणाली, "वकील म्हनत्यात तीन म्हैनं आत जावं लागंल. जाईन की. माझं काय, तितं बी भाकरी मिळंल. पर वांग्यांना पानी कोन देनार?" तीन महिने म्हणजे ऐन उन्हाळा. कालव्याचं पाणी त्या दिवसांत पाळीने मिळतं. पाटकरी ज्या दिवशी, ज्या तासाला चारी सोडेल त्याच वेळी माणूस शेतावर पाहिजे. एक पाळी चुकली तर झाडं माना टाकतात, दोन चुकल्या तर उपटून फेकावी लागतात. तिच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. तीन महिन्यांनी ती सुटून येईल तेव्हा तिच्याकडे विकायला काही नसेल आणि मंडईतली तिची जागा दुसऱ्या कुणाची झालेली असेल. तिची शिक्षा नक्की काय होती ते मला त्या दिवशी मेथीची जुडी हातात धरून कळलं.

मी एस.टी. पकडून इंदापूरला गेलो. तिचे वकील म्हणजे तेच तात्या. ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी म्हणालो, मला त्या पंचनाम्याबद्दल काही सांगायचंय. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मास्तर, तुम्ही सरकारपक्षाचे साक्षीदार, मी आरोपीचा वकील. तुम्ही मला एक शब्दही सांगायचा नाही, आणि मी तुम्हाला काही शिकवायचं नाही. चहा घ्या आणि पुढच्या गाडीने जा."

"पण तात्या, यात तुमचाच फायदा आहे."

"म्हणूनच सांगतोय. गप्प राहा."

त्यांनी नुसतं ऐकून घेतलं असतं तरी खटला खिशात होता. त्यांनी माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि स्टँडपर्यंत पोचवायला आले. माझ्या ओळखीत असा माणूस तोवर आला नव्हता. परतीच्या वाटेवर मी खिडकीतून ऊस बघत बसलो आणि मला आपली वादसभा फार लहान वाटू लागली.

खटल्याच्या दिवशी मी शाळेतून रजा काढली. बारामतीचं कोर्ट म्हणजे एक लांबट खोली, वर लाकडी पंखा, भिंतीवर घड्याळ, दारातून आत पडणारा उन्हाचा पट्टा. मॅजिस्ट्रेट मधल्या वयाचे, कडक, वेळेचे पक्के. वकील मंडळी त्यांच्यावर घड्याळ लावत असत. अकराला बसायचे आणि साडेपाचच्या आत कधी उठायचे नाहीत, ताप असला तरी.

चहावाल्याची साक्ष पहिली. त्याला सगळं पाठ होतं. मग माझं नाव पुकारलं. मी पिंजऱ्यात उभा राहिलो, ईश्वराला स्मरून खरं सांगेन म्हणालो, आणि माझा तो प्रसिद्ध आवाज गेला. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. सही तुमचीच ना? माझीच. मडकं तुमच्या समक्ष काढलं ना?

मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष दारूबंदीचे मोठे कार्यकर्ते होते. नोकरी जाऊ शकत होती. फौजदार समोर उभे होते. आणि एक विचार असाही होता, तो लपवत नाही, की दारू तिथे होतीच, मग मी खरं सांगून कुणाचं भलं करतोय? चुलता डोळ्यांपुढे आला. मग तो तांब्या आला.

"नाही," मी म्हणालो. "मी पोचलो तेव्हा मडकं बाहेर होतं. मी वास घेतला नाही. मी आणि हे चहावाले बरोबरच आलो होतो, त्यामुळे ह्यांनीही पाहिलेलं नाही."

खोलीत कुजबुज झाली. मॅजिस्ट्रेटनी टाक खाली ठेवला. "मग सही का केलीत?"

"लाज वाटली म्हणून, साहेब. नाही म्हणायची लाज वाटली."

"काय शिकवता तुम्ही?"

"इतिहास."

"इतिहासात न पाहिलेलं सांगावंच लागतं," ते म्हणाले. "इथे तसं चालत नाही. खाली उतरा."

मी उतरलो आणि भिंतीशी उभा राहिलो. छातीवरचं ओझं गेलं होतं, आणि खटलाही गेला होता. हे कायदा न शिकलेल्यालाही दिसत होतं. दोन्ही पंच खोटे पडले, पंचनामा रद्दी झाला. तात्यांनी उलटतपासणीसुद्धा केली नाही. आता आरोपीला एक प्रश्न विचारायचा उरला होता, जो प्रत्येक आरोपीला विचारतात, की तुला काही सांगायचं आहे का. त्यावर काही नाही म्हणायचं, हे तात्यांनी मावशीला पढवून ठेवलं होतं. ती तसं म्हणाली असती तर जेवणाच्या वेळेला घरी असती.

"बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मावशीने पदर सारखा केला. तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सायब, मास्तर खरं बोललं. त्यांनी मडकं काढताना न्हाय बघितलं, मागनं आलं ते. पर मडकं माझंच हाय."

तात्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बाई, तुमच्यावर सक्ती नाही. तुमच्या वकिलांना विचारा आणि मग बोला."

"इचारलं व्हतं. ते म्हनले गप ऱ्हा. आनी मी गप ऱ्हानारच व्हते, तुमाला खोटं कशाला सांगू. पर ह्या मास्तरांनी भर कोर्टात आपली चूक सांगितली. पोरं शिकवत्यात ते. आता मी गप बसून सुटले, तर त्यांचं खरं माझ्या खोट्याच्या कामाला येनार. ते मला नगं. उद्या लोक म्हनत्याल मास्तर फितलं. म्हनून सांगतीया. गूळ मीच घातला, नवसागर बी मीच घातला."

मला देवळात लहानपणी वाटायची तशी भीती वाटली. अंधारात समई दिसते आणि आपण आपोआप हळू बोलायला लागतो, तशी. मी माझं खरं बोललो होतो ते सात-आठ महिने कुढून, लाज सोसवेना म्हणून. तिने ते जागच्या जागी केलं, सुटकेचं दार उघडं असताना, आणि तेही कुणाच्या तरी अब्रूसाठी. कुणाच्या, तर जो तिच्याविरुद्ध खोटी सही करून तिच्याच घरचं पाणी प्यायला होता त्याच्या. मी भिंतीला टेकलो. त्या खोलीत असं काहीतरी घडलं होतं जे मी कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं.

मॅजिस्ट्रेटनी खाली ठेवलेला टाक पुन्हा उचलला. मग विचारलं, "कशासाठी केली होती?"

"म्हसोबासाठी. बांधावर म्हसोबा हाय आमचा. आखाडात त्याला वाटीभर दारू दावायची, सासऱ्यापासनं चालत आलंया. कायदा आला ते मला ठावं हाय, सायब. म्हसोबाला कुनी कळवलं न्हाय."

"देवाला मडकंभर लागते?"

"न्हाय. देवाला वाटीभरच. बाकीची इकनार व्हते."

खोलीत हसू फुटलं. शिपाई हसले, चहावाला हसला, फौजदारांच्याही मिशा हलल्या. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत आणि मावशीही हसली नाही.

तात्या उठले. बारीक आवाजात एवढंच म्हणाले की आरोपीने स्वतःहून कबुली दिली आहे, कबुलीशिवाय तिच्याविरुद्ध कागदावर काही उरलेलं नव्हतं, पहिलाच गुन्हा आहे, आणि विशेष कारण नोंदवून शिक्षा कमी करण्याचा कोर्टाला अधिकार आहे. इंदापूरला ते माझ्याशी अर्धा तास भांडले होते. इथे चार वाक्यांत खाली बसले.

मॅजिस्ट्रेट लिहीत राहिले. टाकाची कुरकुर ऐकू येत होती. मग त्यांनी वाचून दाखवलं. गुन्हा शाबीत. कारणं नोंदवली आहेत. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत साधी कैद.

मावशीला काही कळलं नाही. मी जवळ जाऊन सांगितलं, की तुरुंग नाही. आज साहेब उठून जाईपर्यंत या बाकावर बसून राहायचं, झाली शिक्षा. तिने हात जोडले. मग शिरस्तेदाराला हळूच विचारलं, "किती वाजता उठतंया कोर्ट?"

"साडेपाचला."

ती स्वतःशीच म्हणाली, "मग न्हाय जमायचं."

मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. "काय जमायचं नाही?"

"काय न्हाय, सायब. आज तीन वाजता माझ्या पान्याची पाळी हाय. पाटकरी काय थांबायचा न्हाय. पर ऱ्हाऊ द्या. शिक्षा ती शिक्षा."

साडेबारा वाजले होते. पुढची केस पुकारली गेली. मावशी बाकावर जाऊन बसली आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. बसल्यावर मला तात्यांचं ते वादसभेतलं वाक्य आठवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते कागद बांधण्यात गुंतले होते.

त्या बाकावर आम्ही दीड तास बसलो. समोर माणसं येत होती. एक हातभट्टीवाला, एक पिऊन रस्त्यात पडलेला, एक चोर, पुन्हा एक पिणारा. मी आजवर ही माणसं भाषणात वापरली होती, त्यांच्या बरोबरीला कधी बसलो नव्हतो. बाकावरून ती वेगळी दिसतात. एकाच्या सदऱ्याला नवं बटण लावलेलं होतं, कोर्टात जायचं म्हणून बायकोने लावलेलं असणार. एकजण पिंजऱ्यात चढताना वहाणा बाहेर काढून गेला. माझा चुलता इथे उभा राहिला असता तर कसा दिसला असता, असं मनात आलं आणि मी ते तिथेच सोडलं.

मावशी घड्याळाकडे बघत नव्हती, तिला ते वाचता येत नव्हतं. ती दारातल्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघत होती. पट्टा सरकत सरकत दुसऱ्या फरशीवर आला तेव्हा म्हणाली, "आता चारीला पानी सोडलं आसंल वरच्या अंगाला." तक्रारीचा सूर नव्हता. वांग्यांची बातमी सांगावी तसं सांगितलं.

दोन वाजता एक केस संपली. शिरस्तेदाराने पुढचा कागद उचलला. मॅजिस्ट्रेटनी हात वर करून त्याला थांबवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उरलेल्या कामांना तारखा द्या. आजचं कामकाज संपलं."

शिरस्तेदाराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो तसाच बघत राहिला. मॅजिस्ट्रेटनी टाक पुसला, दौतीला झाकण लावलं आणि उठले.

साहेब उठले की कोर्टात सगळ्यांनी उठायचं असतं. वकील उठले. फौजदार ताठ उभे राहिले. शिपाई, चहावाला, पिंजऱ्याजवळचे आरोपी, मी, सगळे उभे. फक्त मावशी बसलेली. तिला कुणी उठ म्हटलेलं नव्हतं, आणि शिक्षा बसण्याची होती. भरलेलं कोर्ट उभं आणि मधे ती बाकावर, हात मांडीवर ठेवून. मॅजिस्ट्रेट दाराशी जाताना क्षणभर थांबले, तिच्याकडे पाहून किंचित मान लववली असं मला वाटलं. मी शपथेवर सांगणार नाही. शपथेच्या बाबतीत मी तेव्हापासून जपून असतो.

"काय झालं, मास्तर?"

"कोर्ट उठलं, मावशी."

तिने उन्हाच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. उठली, खुर्चीला नमस्कार केला आणि दाराकडे निघाली. बाहेर फौजदार मला म्हणाले, "मास्तर, पुन्यांदा तुमाला पंच म्हनून बोलावत न्हाय." मी म्हणालो, आभारी आहे. चालत जळोची गाठेपर्यंत तीन वाजून गेले असते. मी सायकल काढली आणि मावशीला म्हणालो, मागे बसा. हायस्कूलचे मास्तर, मागे कॅरियरवर दारूच्या गुन्ह्यातली भाजीवाली, आणि वाट भर बाजारातून. ती म्हणाली, "लोक काय म्हनतील?" मी म्हणालो, जे म्हणायचं ते उद्यापर्यंत म्हणून होईल. ती बसली. मी इतक्या जोरात सायकल त्याआधी कधी मारली नव्हती आणि नंतरही नाही.

पुढच्या वर्षी इंदापूरच्या वादसभेचं बोलावणं आलं. ठराव जवळजवळ तोच होता. दारूबंदी असावी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही काकूच्या बांगड्या आठवल्या की वाटतं. पण तुरुंगाच्या बाजूने मला बोलता येईना, आणि विरुद्ध बाजूने बोलायला तात्यांसारखी अक्कल नव्हती. म्हणून मी उभा राहिलो आणि कुणाचंही नाव न घेता ही हकिगत सांगितली. माझ्या सहीसकट सांगितली. आवाज वर-खाली केला नाही. संपवून मी खाली बसलो.

टाळ्या पडल्या नाहीत. कुणी उठूनही गेलं नाही. पहिल्या रांगेत तात्या चष्मा पुसत होते. मागून पळसदेवचा तो शेतकरी उभा राहिला, ज्याला मी वर्षापूर्वी भोकाचं उत्तर देऊन खाली बसवलं होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "पर पानी गावलं का तिला?"

"गावलं," मी म्हणालो. "शेवटच्या वाफ्यापर्यंत."